पाटी तीच, फड दुसरा

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस माळेगावी खंडोबाची देवस्वारी निघते. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, अमावास्येस, लातूर व धाराशिवकडील घरोघरची माणसे वेळा अमावास्येसाठी शेतात जातात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा करावी, भज्जी, उंडे आणि आंबील यांवर ताव मारावा, दुपारी ज्वारीच्या ताटांतून वारा घेत पडावे, आणि मग ज्यांस हौस असेल त्यांनी चाकूर-अहमदपूरवरून माळेगावची वाट धरावी, असा आमच्या बाजूचा जुना परिपाठ आहे. माळेगाव नांदेड जिल्ह्याच्या लोहे तालुक्यात, नांदेडहून लातुरास जाणाऱ्या हमरस्त्यावरच वसलेले आहे. एरवी हे एक लहानसे गाव. परंतु यात्रेच्या चार-पाच दिवसांत तेथे घोडे, उंट, गाढवे, लाल कंधारी आणि देवणी जातीची जनावरे यांचा प्रचंड बाजार भरतो, कुस्त्यांचे फड रंगतात, भटक्या जमातींचे लोक दूरदूरहून येऊन उतरतात, आणि या सगळ्याच्या एका कडेला तमाशाचे तंबू उभे राहतात. गेल्या मार्गशीर्षात आम्ही या तंबूंपैकी एकात जाऊन आलो. तो अनुभव मनात घोळत राहिला आहे, आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो केवळ एका फडापुरता नाही, असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहो.

प्रश्न साधा आहे. एखादी जुनी नामांकित मंडळी असते. तिचा संस्थापक जातो. ज्यांच्या नावाने तिकिटे खपली ते नट, गायक, सोंगाडे एकामागून एक जातात. त्यांच्या जागी दुसरे येतात, त्यांच्याही जागी तिसरे. पाटीवरचे नाव मात्र तेच असते. अशा वेळी आपण जी मंडळी पाहतो ती तीच म्हणावयाची की दुसरी? आणि दुसरी असेल, तर जुने नाव लावण्याचा तिला अधिकार कोणता?

सुशिक्षित मराठी वाचकांस हा प्रश्न नवा नाही. आपल्या संगीत रंगभूमीचा इतिहास म्हणजे बव्हंशी याच प्रश्नाचा इतिहास होय. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक करून किर्लोस्कर मंडळी उदयास आली. अवघ्या पाच वर्षांत, १८८५ मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्कर निवर्तले. लोक म्हणाले, मंडळी संपली. पण भाऊराव कोल्हटकर होते, मंडळी चालली. १९०१ मध्ये भाऊरावही गेले, आणि पुन्हा तेच भाकीत झाले. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस मंडळीत आले. १९११ मध्ये नानासाहेब जोगळेकर वारले. १९१३ मध्ये स्वतः बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तरी किर्लोस्कर मंडळीची पाटी उतरली नाही. मास्टर दीनानाथांचा तरुण आवाज तिने लोकांपुढे आणला, आणि १९१८ मध्ये तेही 'बलवंत'ची स्थापना करण्यास निघून गेले. प्रत्येक वेळी जुन्या प्रेक्षकाने मान हलवून 'आता ती मजा राहिली नाही' असे म्हटले असेल, आणि प्रत्येक वेळी नव्या प्रेक्षकाने त्याच 'सौभद्रा'स पहिल्यांदा पाहून डोळे पुसले असतील. दोघेही खोटे बोलत नव्हते.

दूरदेशीही हेच घडते. १९६८ मध्ये लंडनमध्ये 'येस' नावाचा एक वाद्यवृंद स्थापन झाला. 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, वीस-वीस मिनिटांच्या गुंतागुंतीच्या रचना करणाऱ्या पंथाचे हे एक अग्रेसर मंडळ. त्याच्या दोन मुख्य संस्थापकांपैकी गायक जॉन अँडरसन २००८ मध्ये मंडळाबाहेर गेला आणि बासवादक ख्रिस स्क्वायर २०१५ मध्ये मरण पावला. १९७२ पासून ताल धरणारा ॲलन व्हाइट २०२२ मध्ये गेला. १९७० मध्ये येऊन मिळालेला गिटारवादक स्टीव्ह हाउ तेवढा जुन्यांपैकी उरला. संस्थापकांपैकी एकही जण रंगमंचावर नसता स्क्वायरच्या पश्चातही 'येस'चे कार्यक्रम झाले, आणि लोक गेले. गेलेल्यांत दोन तट पडले, हे सांगावयास नकोच.

या दोन उदाहरणांत एक भेद मात्र आहे. किर्लोस्कर मंडळीजवळ छापलेले पुस्तक होते. पात्रे बदलली तरी 'सौभद्रा'तील पदे आणि प्रवेश जागच्या जागी राहिले. विलायती वाद्यवृंदाजवळ ध्वनिमुद्रिका आहे. नवा गायक चुकला की श्रोत्यास लगेच कळते, कारण मूळ आवाज त्याच्या घरी कपाटात आहे. तमाशाच्या फडाजवळ या दोहोंपैकी काय आहे? जवळजवळ काहीच नाही. त्याचे सारे भांडवल माणसांच्या आठवणीत साठविलेले असते. म्हणूनच माणसे बदलण्याचा प्रश्न त्याच्या बाबतीत सर्वांत बिकट होतो. पुस्तक हरवले तर दुसरी प्रत मिळते, माणूस गेला तर मिळत नाही.

फडाचा हा इतिहास थोडा उलगडून पाहिला पाहिजे. पेशवाईच्या उत्तरार्धात होनाजी शिलारखाने कवने रची आणि बाळा करंजकर ती गाई. लोकांनी दोघांचे मिळून 'होनाजी-बाळा' असे एकच नाव केले. पुढे १८६५ मध्ये सावळजच्या उमाजींनी 'मोहना-बटाव' हा वग उभा केला, आणि गण, गौळण, बतावणी, लावणी यांच्या शेवटी कथानकाचा वग असा तमाशाचा आजचा साचा सिद्ध झाला, असे मानले जाते. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्ण कुलकर्णी (१८६६–१९४५), यांनी ब्राह्मण्य आणि कुलकर्णीपण बाजूस सारून फडात जन्म घालविला व पवळाबाईंच्या साथीने मुंबईची थिएटरे गाजविली. नारायणगावच्या नारायण खुडे यांच्या घराण्यात 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हा फड नावारूपास आला, आणि त्यातूनच विठाबाई पुढे आल्या. १९३५ मध्ये पंढरपुरास जन्मलेल्या या बाईंनी १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हातची पदके मिळविली. उतारवय मात्र विपन्नावस्थेत काढून २००२ मध्ये देह ठेवला. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला व पुत्र नितीनकुमार यांस बरोबर घेतले. तिकडे कवलापूरच्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांस महाराष्ट्र 'काळू-बाळू' म्हणूनच ओळखत आला. 'जहरी प्याल्या'तील त्यांच्या हवालदारांच्या जोडीवर पोट धरधरून हसलेले लोक आमच्या पिढीत गावोगाव आहेत.

या फडांच्या पाट्या वाचण्याची सवय ज्याने लावून घेतली त्यास एक गोष्ट ध्यानी येईल. त्यांत एक लहानसा शब्द वारंवार येतो. तो म्हणजे 'सह'. तुकाराम खेडकर सह पांडुरंग मुळे. पुढे रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. मंगला बनसोडे सह नितीनकुमार. हा 'सह' म्हणजे फडाची वंशावळच होय. तुकाराम खेडकर १९६४ मध्ये निवर्तले. त्यांच्या पत्नी कांताबाई यांनी पदर खोचून स्वतः फड बांधला, शिवाजी महाराजांसारख्या पुरुषभूमिकाही रंगमंचावर वठविल्या, मुलाचे नाव पाटीवर आणले, आणि २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या साथीत त्यांचे देहावसान झाले. इनामाच्या कागदात जसे आजा, बाप, नातू एका ओळीत येतात तसे फडाच्या पाटीवर येतात. नाटक मंडळीत कोणी रुसून बाहेर पडला की नवी मंडळी निघे. फडात जाणाऱ्याचे नाव पुसत नाहीत, त्याच्या शेजारी दुसरे लिहितात.

याचे कारण केवळ कृतज्ञता नव्हे, व्यवहारही आहे. दसऱ्यास फड बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत गावोगाव हिंडतो. चैत्र-वैशाखातील जत्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी नारायणगावास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे येतात ते पाटी वाचीत येतात. ज्या नावाने बापाच्या वेळी जत्रा रंगली होती त्याच नावावर मुलगा सुपारी देतो. मोठ्या फडात शंभरावर माणसे असतात. मालमोटारी, तंबू, रंगमंच, वीज, आचारी, सारा संसार असतो. आणि हा संसार उभा राहतो तो पाटीवरील दोन-चार शब्दांच्या पतीवर. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्च रोजी आला, आणि नेमक्या त्याच दिवसापासून सारा देश बंद झाला. जत्रा बुडाल्या, सुपाऱ्या बुडाल्या. कित्येक कलावंत मोलमजुरीस लागले. त्यानंतर ज्या फडांनी पुन्हा तंबू ठोकले, त्यांतील सारी माणसे परत आली असतील अशी अपेक्षा करणेही निर्दयपणाचे होय.

आता माळेगावची हकीकत. आमचे ज्येष्ठ बंधू, ज्यांस घरात सगळे दादा म्हणतात, वयाची सत्तरी ओलांडून दोन वर्षे झाली तरी यात्रा चुकवीत नाहीत. परंतु तमाशाच्या तंबूत त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत पाऊल टाकले नव्हते. १९८४ च्या सुमारास याच यात्रेत त्यांनी एक फड पाहिला होता. त्या फडाच्या सरदाराचे बोलणे, त्याचे चालणे, वगातील राजा होऊन मुलास वनात धाडतानाचा त्याचा थरथरता हात, हे सारे दादा आम्हांस इतक्या वेळा सांगत आले की तो सरदार आमच्या घरचाच कोणी वाटावा. तो गेल्याचे कळले तेव्हा 'आता फड पाहावयाचा नाही' असा त्यांनी नेमच केला. यंदा त्याच नावाची पाटी दिव्यांच्या झगमगाटात दिसली, आणि आमच्या मुलीने हट्ट धरला. येथे एक कबुली दिली पाहिजे. दादांनी तो खेळ पाहिला तेव्हा आमच्या घरातील एकही स्त्री तंबूच्या आसपास फिरकू शकत नव्हती. लावणी आम्हांस गोड लागे, पण ती नाचणारीस उंबऱ्याच्या आत घेण्याची आमची तयारी नव्हती. नाटक मंडळीस आपल्या वर्गाने डोक्यावर घेतले, तिची चरित्रे लिहिली, वर्षश्राद्धे घातली. फडास मात्र अंधारात उभे राहून पाहिले आणि उजेडात नावे ठेविली. त्यामुळे 'जुना तमाशा गेला' म्हणून उसासा टाकण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, याचाही विचार व्हावयास हवा. असो. या वेळी मुलगी आणि तिची आई दोघीही बरोबर होत्या.

तिकिटे काढून आम्ही आत बसलो. गण झाला, तो ठाकठीक झाला. गौळणीत मावशी आली, पेंद्या आला, मथुरेच्या बाजाराची वाट अडविली गेली. विनोद आजच्या राजकारणावर होता आणि लोक हसत होते. दादा हसले नाहीत. त्यानंतर जे सुरू झाले त्यास फडवाले पूर्वी रंगबाजी म्हणत. आता तेथे एकामागून एक चित्रपटातील गाणी आली. विजेचे वाद्य, रंगीबेरंगी झोत, आणि ध्वनिक्षेपकाचा एवढा प्रचंड आवाज की छातीत धडधड व्हावी. पुढे बसलेली तरुण मुले शिट्या घालीत होती. हा प्रकार दीड तास चालला. दादांनी काठी हातात घेतली, आणि 'चला, पाटी पाहिली, पुरे झाले' असे म्हणून ते उठू लागले. मुलीने त्यांचा हात धरून त्यांस खाली बसविले.

वग सुरू झाला तेव्हा दहास थोडाच अवकाश होता. पूर्वी वग तांबडे फुटेपर्यंत चाले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावू नये असा नियम २००० मध्ये झाला, आणि तेव्हापासून वगाचा संकोच होत गेला. नियम वाईट नाही. आजारी माणसाचे आणि अभ्यास करणाऱ्या मुलाचे त्यात हित आहे. पण त्याची कात्री पडली ती नेमकी वगावर; कारण खेळाच्या आरंभी असलेली गाणी कोणी सोडीत नाही आणि शेवटी असलेला वग कापणे सोपे असते. राजाच्या भूमिकेतील सरदार तरुण होता. त्याचे बोलणे भरभर होते, शब्दोच्चार शहरी होते. दादांनी आमच्या कानाशी येऊन 'हा नव्हे' एवढेच म्हटले.

इतक्यात दहा वाजले आणि ध्वनिक्षेपक बंद झाला. शिट्या घालणारी निम्मी मुले उठून गेली. आम्हांस वाटले, खेळ संपला. परंतु फडाने तसाच पुढे चालू ठेवला. उघड्या आवाजाने सरदारास बोलावे लागले, म्हणून त्याची घाई आपोआप कमी झाली. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावयाचा तर त्यास श्वास द्यावा लागतो. मागे उभ्या असलेल्या सुरत्यांनी कडव्याच्या शेवटी 'जी जी'ची झील ओढली, तुणतुणे ऐकू येऊ लागले, आणि ढोलकीवाल्याने राजाच्या प्रत्येक पावलागणिक एक-एक थाप देण्यास प्रारंभ केला. तासाभरात प्रथमच आम्हांस लाकडाचा आणि कातड्याचा आवाज ऐकू आला. राजपुत्र वनास निघाला तेव्हा ढोलकी एकदम थांबली. तीन-चार क्षण काहीच नाही. मग एकच थाप. आम्ही दादांकडे पाहिले. त्यांची काठी मांडीवर आडवी पडली होती, आणि बोटे तिच्यावर ती थाप वाजवीत होती. ढोलकीवाल्याच्या पुढे नव्हे, मागेही नव्हे. बरोबर त्याच क्षणी.

खेळ मोडल्यावर दादा तंबूच्या मागे गेले, आम्हीही गेलो. ढोलकीवाला पन्नाशीचा गृहस्थ. घाम पुशीत बसला होता. दादांनी विचारले, "ती थांबून दिलेली थाप तुम्हांला कोणी शिकविली हो?"

"शिकवतंय कोण, बाबा? मागं बसून ऐकली."

"मी चौऱ्याऐंशी साली इथंच ऐकली होती."

"मग मी होतो की. मंजिरी वाजवत होतो. दहा वर्षांचा असेन. ढोलकीवर आमचे चुलते होते."

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमचा हा नवा सरदार फार घाई करतो."

तो हसला. "ऱ्हाईल उभा. आमचे जुने मालकबी पहिल्यांदा असेच पळायचे, असं चुलते सांगायचे."

या शेवटच्या वाक्याने आमच्या मनातील पुष्कळ गोष्टी उलट्या-पालट्या झाल्या. आपण प्रेक्षक फडाची पुढची रांग पाहतो. सरदार, नायिका, सोंगाडा यांचीच नावे पाटीवर असतात, त्यांच्याच मरणाने आपण फड मेला असे ठरवितो. परंतु फडाचा खरा दप्तरखाना मागच्या रांगेत असतो. लहान पोर मंजिरी घेऊन उभे राहते; रोज रात्री तेच वग ऐकते; दहा वर्षांनी हलगी, पंधरा वर्षांनी ढोलकी त्याच्या हाती येते. सरदार बदलला की मागची रांग नव्यास जुन्याच्या वाटेवर आणते. मागच्या रांगेतील माणूस बदलला तर त्याने आधीच सारे ऐकून ठेविलेले असते. नाटक मंडळीचे जे पुस्तकात असते आणि विलायती वाद्यवृंदाचे जे मुद्रिकेत असते, ते फडाचे त्या रांगेत असते. म्हणून पुढची सगळी माणसे बदलूनही फड तोच राहू शकतो. आणि उलट, पुढचा नामवंत जागच्या जागी असूनही मागची रांग मोडली तर फड संपलेला असू शकतो. किर्लोस्कर मंडळीतही पात्रे बदलत असता पेटी, तबला आणि पडद्यामागील बाजू सांभाळणारे लोक असतीलच. त्यांची नावे इतिहासाने फारशी टिपली नाहीत, एवढेच.

यावरून निष्काळजी आशावाद मात्र कोणी काढू नये. ती मागची रांगच आज धोक्यात आहे. वग जर पाऊण तासाचा झाला, आणि दीड तास यंत्राच्या तालावर गाणी चालली, तर मंजिरी घेतलेल्या पोराच्या कानावर पडणार काय? चुलत्याकडून पुतण्याकडे जाणारी गोष्ट ऐकण्यातून जाते. ऐकावयास रात्रच उरली नाही तर ती जाणार नाही. आणि त्या पोराने शाळेत जावे, फडाच्या मोटारीत झोपून बालपण घालवू नये, असे म्हणणारेही आपणच आहो, आणि ते म्हणणे योग्यच आहे. या दोन योग्य गोष्टींचा मेळ कसा घालावा, याचे उत्तर आम्हांजवळ तयार नाही. वग जसेच्या तसे लिहून, ध्वनिमुद्रित करून ठेवावे, आणि खेळात वगास त्याचा वेळ परत मिळेल अशा बेताने खेळ लवकर उभा करावा, एवढे तरी करण्याजोगे आहे. प्रेक्षकाने शेवटपर्यंत बसावे, हेही त्याच्या हातचे आहे.

परतताना अहमदपूरपर्यंत दादा काही बोलले नाहीत. मग त्यांनी आमच्या मुलीस विचारले, "पुढच्या वर्षी येशील ना? तो सरदार तोवर जरा थांबायला शिकेल." चाळीस वर्षे ज्या फडास त्यांनी मृत मानले होते, त्याच्या नव्या सरदारास त्यांनी एक वर्षाची मुदत दिली होती. पाटीचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा निकाल आमच्या घरापुरता तरी तेथेच लागला.